लहान व्यवसायाचा महाजालावरील पत्ता

(कर्वेनगर, पुणे येथे लघुव्यावसायिक, शिक्षक व लोकप्रतिनिधी यांच्यापुढे झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज ज्या वस्तीला कर्वेनगर म्हणतात, ती पूर्वी हिंगणे बुद्रुक या नावाने ओळखली जात असे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली पुण्यात सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम १९०० साली येथील माळावर एका झोपडीत आला. अण्णा त्या वेळी फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवीत असत आणि हिंगण्याहून तेथपर्यंतचा रस्ता ते पायी तुडवीत. शहरातील सोय सोडून माळावरची स्वतःची झोपडी पत्करली गेली आणि पुढची सारी वाढ त्या जागेच्या आधाराने झाली. १९०७ साली महिला विद्यालय आणि १९१६ साली महिला विद्यापीठ सुरू झाले. १९९१ साली याच परिसरात मुलींचे अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले.

शिक्षणसंस्था जेथे वाढतात तेथे त्यांच्या सावलीत लहान व्यवसायही वाढतात. कर्वेनगरातील गल्ल्यांतून फिरले असता खानावळी, पोळीभाजी केंद्रे, डबे पोचविणाऱ्या भगिनी, शिवणकाम, शिकवण्या, झेरॉक्सची दुकाने, दिवाळीच्या आधी महिनाभर चालणारे फराळाचे काम, असा मोठा पसारा दृष्टीस पडतो. यांतील बहुतेक व्यवसायांना पाटी नाही. असलीच तर ती जिन्याखाली. तथापि प्रत्येकाच्या हातात मोबाइल आहे आणि त्या मोबाइलमध्ये, वीस वर्षांपूर्वी मोठ्या कारखानदारालाही सहज न मिळणारी साधने आहेत. त्या साधनांचा उपयोग कसा करावा, त्यांपैकी काय आपले आणि काय परक्याचे, हा या भाषणाचा विषय आहे. कर्वेनगराविषयी जे सांगायचे ते थोड्याफार फरकाने तालुक्याच्या गावालाही लागू पडते. म्हणून पंचायत सदस्यांनीही ते ऐकावे.

पैशाच्या देवघेवीचा प्रश्न बऱ्याच अंशी सुटलेला आहे, म्हणून त्यावर फार वेळ घालविण्याचे कारण नाही. नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन या मुंबईतील संस्थेने ११ एप्रिल २०१६ रोजी यूपीआय ही व्यवस्था सादर केली. एका बँकेच्या खात्यातून दुसऱ्या बँकेच्या खात्यात तत्क्षणी पैसे जावेत, दोन्ही बाजूंना ॲप कोणतेही असो, ही तिची मूळ कल्पना होय. १ जानेवारी २०२० पासून बँक खात्यातून होणाऱ्या अशा व्यवहारावर दुकानदाराकडून शुल्क घेणे बंद झाले आणि भाजीच्या हातगाडीवरही क्यूआर कोडचा पुठ्ठा लागला. सुट्या पैशांवरून होणारी कुरबुर संपली, ही लहान गोष्ट नव्हे. याहून मोठा लाभ असा की, जमा झालेल्या प्रत्येक रुपयाची नोंद बँकेच्या पुस्तकात आपोआप होते. पुढे कर्ज मागायला गेले असता हीच नोंद कामी येते. मात्र त्यासाठी धंद्याचे खाते घरखर्चाच्या खात्यापासून वेगळे हवे. घराचे हप्ते, मुलांचे शुल्क आणि डब्यांचे पैसे एकाच खात्यात कालवले, तर वर्षाअखेरी नफा किती झाला हे खुद्द मालकिणीलाही सांगता येत नाही.

फसवणुकीबद्दल दोन शब्द येथेच सांगितलेले बरे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी असतो, पैसे घेण्यासाठी कधीही लागत नाही. हे एक वाक्य भिंतीवर लिहून ठेवले तरी निम्मे ठकसेन परततील. लष्करी अधिकारी असल्याची बतावणी करून खानावळीला मोठी ऑर्डर द्यायची आणि ‘आगाऊ रक्कम पाठवतो, हा कोड स्कॅन करा’ असे सांगून उलट पैसे उकळायचे, हा प्रकार राज्यात ठिकठिकाणी घडलेला आहे. पैसे गेलेच तर लाजेने गप्प न बसता ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवावे. तक्रार जितक्या लवकर होईल तितकी रक्कम वाटेत अडविली जाण्याची शक्यता अधिक.

भाड्याचे घर

आता मुख्य मुद्द्याकडे वळता येईल. डबे पुरविणारी एखादी भगिनी धंद्याची जाहिरात कशी करते? व्हॉट्सॲपवर सोसायटीच्या गटात मेनू टाकते, इन्स्टाग्रामवर थाळीचे छायाचित्र लावते, फेसबुकवर पान उघडते. यांत वावगे काही नाही. ही सर्व घरे फुकट मिळतात, तेथे गिऱ्हाइकांची वर्दळ असते आणि मांडणीही तयार असते. परंतु ती घरे भाड्याची आहेत. भाडे पैशात द्यावे लागत नाही, म्हणून भाडेकरूला आपण भाडेकरू आहोत याचा विसर पडतो इतकेच.

घरमालकाने घर पाडले तर काय होते, याची उदाहरणे गेल्या वीस वर्षांत पुष्कळ झाली आहेत. जिओसिटीज या ठिकाणी हजारो हौशी लेखकांनी पाने उभारली होती. ते ठिकाण २००९ साली बंद झाले. ज्या ऑर्कुटवर एके काळी अवघे तरुण महाराष्ट्रमंडळ जमत असे, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी मिटले. गुगल प्लस एप्रिल २०१९ मध्ये गेले. जून २०२०च्या अखेरीस केंद्र सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा खेडोपाडीच्या अनेक कलावंतांचा प्रेक्षकवर्ग एका रात्रीत नाहीसा झाला. बंदीची कारणे राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांविषयी येथे वाद नाही. प्रश्न एवढाच की, ज्यांनी आपले सर्वस्व एकाच ठिकाणी मांडले होते, त्यांच्या हाती दुसऱ्या दिवशी काय उरले? लहान दुकानदारांना अधिक जवळचे उदाहरण मार्च २०२४ मधील आहे. गुगलने आपल्या व्यवसाय-नोंदीबरोबर छोटे संकेतस्थळ फुकट उभारून देण्याची सोय केली होती. अनेकांनी तोच पत्ता पावतीपुस्तकावर आणि पाटीवर छापून घेतला. मार्च २०२४ मध्ये ती संकेतस्थळे बंद करण्यात आली. कागदावर छापलेला पत्ता कागदावरच राहिला.

घर उभे असले तरी त्याची किल्ली चोरीला जाऊ शकते. अहिल्यानगर जिल्ह्यातील सारोळा कासार या गावच्या सुमन धामणे यांनी नातवाच्या मदतीने यूट्यूबवर ‘आपली आजी’ ही पाककृतींची वाहिनी चालविली. टाळेबंदीच्या वर्षी, म्हणजे २०२० साली, ती घरोघरी पाहिली जाऊ लागली आणि प्रेक्षकांची संख्या लाखांवर गेली. त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात कोणा भामट्याने ती वाहिनी बळकावली. काही दिवसांनी ती परत मिळाली. आजी आणि नातू त्या काळात किती कासावीस झाले असतील याची कल्पना करता येते, कारण वाहिनी हातची गेली की मिळकत आणि केलेले काम दोन्ही जातात. वाहिनी, पान किंवा खाते यांना दुहेरी पडताळणीचे कुलूप लावणे हे पाच मिनिटांचे काम आहे. परवलीच्या शब्दाशिवाय दुसरी खूण, म्हणजे मोबाइलवर येणारा क्रमांक किंवा पडताळणीच्या ॲपमधील आकडा, मागितली जाते. त्यामुळे नुसता परवलीचा शब्द चोरून भागत नाही. दुकानाला दोन कुलपे लावणारे व्यापारी या बाबतीत मात्र एका कडीवर भरवसा ठेवतात आणि तीही मुलीच्या जन्मतारखेची!

यावरून भाड्याची घरे सोडावीत असा अर्थ कोणी काढू नये. बाजारात बसल्यावाचून माल खपत नाही. मात्र बाजारातून संध्याकाळी परतायला स्वतःचे घर असावे. महाजालावर असे घर म्हणजे स्वतःच्या मालकीचे नाव होय, ज्याला डोमेन म्हणतात. ‘डॉट इन’ या शेपटीचे नाव वर्षाकाठी साधारणतः हजार रुपयांच्या आतबाहेर मिळते. २०१४ सालापासून देवनागरी अक्षरांत ‘डॉट भारत’ हे नावही घेता येते. त्या नावाखाली एकच पान असले तरी चालेल. धंद्याचे नाव, काय मिळते, कोणत्या भागात पोचते, वेळ, दर आणि संपर्क एवढे त्यावर हवे. वर्डप्रेस हे २००३ सालापासून विनामूल्य उपलब्ध असलेले साधन वापरून असे पान घरच्या घरी मांडता येते. उद्या एखादी कंपनी बुडाली किंवा तिने नियम बदलले, तरी पान उचलून दुसरीकडे नेता येते आणि नाव तेच राहते.

येथे एक अडचण वारंवार अनुभवास येते. नाव विकत घेताना ते भाच्याच्या, किंवा पान तयार करून देणाऱ्या मुलाच्या खात्यावर घेतले जाते. भाचा पुढे परगावी जातो, मुलगा धंदा बदलतो, नूतनीकरणाची सूचना त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहते, आणि एके दिवशी नाव दुसऱ्याच्या हाती जाते. सातबारा दुसऱ्याच्या नावावर ठेवून कोणी शेती करीत नाही. हे नाव मालकिणीच्याच नावावर, तिच्याच ईमेलवर असावे आणि मुदत संपण्याची तारीख घरातील दिनदर्शिकेवर गॅसच्या नोंदीशेजारी लिहिलेली असावी.

गिऱ्हाइकांची यादी हीदेखील अशीच स्वतःची चीज आहे. व्हॉट्सॲपच्या व्यवसायासाठी असलेल्या ॲपमध्ये, जे भारतात २०१८ साली आले, मालाची सूची लावता येते, गिऱ्हाइकांना खुणेची लेबले देता येतात. त्याच्या ब्रॉडकास्ट यादीतून पाठविलेला संदेश मात्र, ज्यांनी पाठविणाऱ्याचा क्रमांक जतन केला आहे त्यांनाच मिळतो. म्हणून पहिल्या डब्याबरोबरच ‘हा क्रमांक जतन करावा’ अशी चिठ्ठी द्यावी. याखेरीज नाव, क्रमांक, आवडनिवड, पथ्य अशी यादी साध्या वहीत किंवा तक्त्यात वेगळी राखावी. गिऱ्हाइकाच्या संमतीने घेतलेली माहिती कामापुरतीच वापरावी. २०२३ साली झालेल्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या कायद्याचे सूत्र हेच आहे. कोणाला मधुमेहाचे पथ्य आहे, ही गोष्ट सोसायटीच्या गटात फिरण्यासारखी नसते.

अक्षर आणि चित्र

पान झाले, नाव झाले, तरी शोधणाऱ्याला ते सापडले पाहिजे. येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो आणि तो तांत्रिक वाटला तरी थेट पोटाशी निगडित आहे.

संगणकावर मराठी लिहिण्याचा इतिहास पुण्याशी जोडलेला आहे. १९८८ साली पुण्यात सी-डॅक ही संस्था स्थापन झाली आणि भारतीय लिप्यांच्या संगणकीकरणाचे मोठे काम तेथे झाले. छपाईच्या व्यवसायात पुण्याच्याच मॉड्युलर कंपनीच्या श्रीलिपीचे राज्य होते. कार्यालयांतील हजारो पत्रके आणि लग्नपत्रिका त्या काळी अशाच अक्षरसंचांतून निघाल्या. त्यांत दोष एकच होता. पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या पोटात तो इंग्रजी अक्षराच्या किंवा चिन्हाच्या क्रमांकाने साठविलेला असे. तो अक्षरसंच नसलेल्या यंत्रावर मजकूर उघडला की चिन्हांची भेसूर रांग दिसे. युनिकोड या जागतिक प्रमाणाच्या १९९१ मधील पहिल्या आवृत्तीतच देवनागरीला स्वतंत्र स्थान मिळाले आणि ‘क’ हा जगातील कोणत्याही यंत्रावर ‘क’च राहण्याची सोय झाली. मराठी लेखकांच्या अनुदिन्या, म्हणजे ब्लॉग, फुलल्या त्या ही सोय घरगुती संगणकांपर्यंत पोचल्यावर. १ मे २००३ रोजी सुरू झालेला मराठी विकिपीडियाही याच पायावर उभा आहे.

अक्षरे सुटली, पण सवय सुटली नाही. आज मराठी व्यावसायिक दिवाळीच्या फराळाचे दरपत्रक तयार करतो ते रंगीत चित्राच्या रूपात. चकली, अनारसे, कडबोळी, चिरोटे ही सर्व नावे त्या चित्रात अडकलेली असतात. माणसाला ती वाचता येतात. शोधयंत्राला ती भरवशाने वाचता येत नाहीत आणि दृष्टिहीन व्यक्तीच्या मोबाइलमधील वाचून दाखविणाऱ्या साधनाची तर अनेकदा पंचाईत होते. वारज्यातील एखादे कुटुंब ‘कर्वेनगर अनारसे’ असे शब्द टंकून शोध घेते, तेव्हा चित्रातील अनारसे त्याच्यापुढे येतीलच असे नाही. तेच शब्द पानावर साध्या युनिकोड अक्षरांत असतील तर येण्याची शक्यता पुष्कळ वाढते. चित्र खुशाल लावावे. पण त्याखाली मजकूर लिहावा. गावाचे व वस्तीचे नाव त्यात यावे, शेजारच्या वस्त्यांची नावेही यावीत. कित्येक लोक मराठी शब्द रोमन अक्षरांत टंकून शोधतात, म्हणून धंद्याचे नाव दोन्ही लिप्यांत असणे शहाणपणाचे. याला शोधानुकूलता असे भारदस्त नाव देऊन हजारो रुपये मागणारे सल्लागार फिरत असतात. त्यांतले निम्मे काम सुवाच्य मराठीत नीट लिहिण्याचे आहे.

नीट लिहिण्याचे म्हणताना लिपीचा तपशीलही आला. ‘दऱ्या’, ‘सुऱ्या’, ‘कैऱ्या’ यांतील अर्धा र हा मराठीचा खास आहे. लोणच्याच्या बरणीवर ‘कैर्‍या’ऐवजी ‘कैर्या’ छापले जाते, ते अक्षरसंचाच्या किंवा टंकणाऱ्याच्या अज्ञानामुळे. मराठीचा ल आणि श यांची वळणेही हिंदीहून वेगळी आहेत. राज्य शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेबाबत काढलेल्या निर्णयात यांची नोंद घेतलेली आहे. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले ‘मुक्ता’, ‘बलू’ यांसारखे देवनागरी अक्षरसंच विनामूल्य वापरता येतात. चोरून उतरविलेल्या अक्षरसंचाने आणि दुसऱ्याच्या थाळीच्या छायाचित्राने आपला माल विकण्याचे आता काही कारण उरलेले नाही.

शिक्षकांचे साहाय्य येथे मोलाचे ठरेल. महर्षींच्या महिला विद्यापीठाचे शिक्षण मातृभाषेतून होत असे. आज शाळेतील मुलामुलींना मराठी लिहिता येते; पण कळफलकापुढे बसविले की ती रोमन अक्षरांतच मराठी टंकतात. इनस्क्रिप्ट हा कळफलक भारतीय लिप्यांसाठी प्रमाण ठरलेला आहे. त्याची मांडणी स्वर एका बाजूस आणि व्यंजने दुसऱ्या बाजूस अशी सुटसुटीत आहे. रोज अर्धा तास सराव केला तर काही आठवड्यांत हात बसतो. आठवी-नववीच्या विद्यार्थ्याला आपल्या आईच्या धंद्याचे एक पान मराठीत टंकून आणावयास सांगावे. निबंधाच्या वहीपेक्षा तो अभ्यास अधिक टिकेल.

लिहिणाऱ्याची मिळकत

अनुदिनी लिहिणारे आणि दृक्‌फिती करणारे हे आता लहान व्यावसायिकच झाले आहेत. पुण्याच्या मधुरा बाचल यांनी २००९ साली यूट्यूबवर पाककृती द्यावयास प्रारंभ केला आणि आज त्यांची मराठी वाहिनी हा एक व्यवसाय आहे. असे यश सर्वांना मिळेल असे मानू नये. जाहिरातींतून मिळणारी रक्कम बहुतेकांच्या बाबतीत किरकोळ असते. जो आपले लेखन हे स्वतःच्या शिकवणीचे, मालाचे किंवा कारागिरीचे दार समजतो त्याला त्यातून खरी मिळकत होते; केवळ वाचकसंख्येवर विसंबणारा लवकर थकतो.

सातत्याचा आदर्श हवा असेल तर तो कर्वे घराण्यातच सापडतो. महर्षींचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२७ साली ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ते चालविले. वर्गणीदार मोजके, विरोध अफाट, खटले अंगावर आणि खिशाला खार. तरी अंक निघत राहिला. आजच्या भाषेत ते एकट्याने चालविलेले प्रकाशनच होते.

जाहिरातदाराकडून पैसे किंवा फुकट माल घेऊन त्याची स्तुती करणाऱ्यांनी तसे स्पष्ट सांगितले पाहिजे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ साली आणि केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये यासंबंधीची मार्गदर्शक सूत्रे प्रसिद्ध केली आहेत. सूचना मराठी दृक्‌फितीत मराठीतच असावी. कोपऱ्यातील बारीक इंग्रजी शब्दाने हेतू साधत नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने अलीकडे सर्वांच्या तोंडी आहेत. २०२२ सालच्या अखेरीपासून ती सामान्यांच्या हाती आली. केंद्र सरकारचा ‘भाषिणी’ हा उपक्रमही भारतीय भाषांमधील भाषांतराची सोय करतो. पत्राचा मसुदा, दरपत्रकाचे इंग्रजी रूप, गिऱ्हाइकाच्या तक्रारीला सौम्य उत्तर यांसाठी ती उपयोगी आहेत. तथापि पदार्थातील घटक, दर, तारखा आणि कायद्याचे नियम त्यांच्यावर सोपवू नयेत. ही साधने न माहीत असलेली गोष्टही ठाम स्वरात सांगतात. शिवाय सर्वांचा मजकूर एकाच साच्यातून निघू लागला की, ‘आमच्याकडे गुरुवारी उपवासाचे थालीपीठ मिळेल’ ही हाताने लिहिलेली ओळच उठून दिसते.

नोंदणी आणि कार्यालये

आता अधिकारी वर्गाशी संबंधित गोष्टी. १ जुलै २०२० पासून सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांसाठी ‘उद्यम’ ही नोंदणी आहे. ती आधार क्रमांकाच्या आधारे, स्वयंघोषणेने, पूर्णतः विनामूल्य होते. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादा वाढविण्यात आल्या असून, यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि वार्षिक उलाढाल १० कोटी रुपयांपर्यंत असलेला उद्योग सूक्ष्म गणला जातो. खरे पाहता डबेवाल्या भगिनीपासून छोट्या कारखान्यापर्यंत सारेच त्यात बसतात. तरीही शासकीय वाटावे अशा नावांची खासगी संकेतस्थळे या फुकट नोंदणीसाठी हजार-दोन हजार रुपये उकळतात. प्रत्येक पंचायत कार्यालयात ‘उद्यम नोंदणी विनामूल्य आहे’ असा फलक लावल्यास केवढे तरी पैसे वाचतील.

ही नोंदणी नुसती चौकटीत लावण्याची नाही. २००६ च्या कायद्यानुसार सूक्ष्म व लघुउद्योगाने पुरविलेल्या मालाचे किंवा सेवेचे पैसे, करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसल्यास १५ दिवसांत द्यावे लागतात. उशीर झाल्यास चक्रवाढ व्याज लागू होते आणि तक्रार करता येते. केवळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्यांना हे संरक्षण नाही. त्यांची नोंदणी २०२१ पासून बँकांच्या अग्रक्रम कर्जापुरती मानली जाते. हा फरक अनेकांना ठाऊक नसतो. आणि येथे कार्यालयांनीही आरशात पाहिले पाहिजे, कारण मेजवानीचे, छपाईचे व मंडपाचे बिल महिनोन्‌महिने फाइलीत ठेवण्यात कार्यालये कोणाच्या मागे नसतात.

वस्तू व सेवा कराच्या बाबतीत एक अडसर १ ऑक्टोबर २०२३ पासून दूर झाला. पूर्वी महाजालावरील बाजारपेठेतून वस्तू विकणाऱ्याला, उलाढाल कितीही लहान असो, कराची नोंदणी सक्तीची होती. आता नोंदणीच्या मर्यादेखालील विक्रेता केवळ एक नावनोंदणी क्रमांक घेऊन आपल्या राज्यापुरती विक्री करू शकतो. पैठणीच्या पर्सेस शिवणाऱ्या गटाला पुण्याहून कोल्हापूरला माल पाठविणे यामुळे सुलभ झाले. बेळगावला पाठवायचा तर मात्र नियम वेगळा. खाद्यपदार्थ करणाऱ्यांनी अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी क्रमांक घेणे आवश्यक आहे, घरच्या स्वयंपाकघरातून विक्री होत असली तरीही.

शासकीय खरेदीचे ‘जेम’ हे संकेतस्थळ २०१६ पासून चालू आहे. केंद्राची मंत्रालये व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या खरेदीपैकी २५ टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करावी आणि त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांकडून असावी, असे धोरण आहे. महिला बचत गटांना या दारापर्यंत नेण्याचे काम विस्तार अधिकारी उत्तम करू शकतील. पहिली निविदा भरताना कोणी तरी शेजारी बसावे लागते. दुसरी त्या स्वतः भरतात.

राहता राहिला नकाशा. गुगलच्या नकाशावर व्यवसायाची नोंद फुकट करता येते आणि नवखे गिऱ्हाईक आज पत्ता विचारीत नाही, नकाशा पाहते. घरून काम करणाऱ्या स्त्रिया मात्र घराचा पत्ता जगजाहीर होईल या भीतीने नोंद टाळतात. ही भीती रास्त आहे. परंतु त्यावर सोय आहे. पत्ता झाकून ठेवून केवळ सेवेचा परिसर, उदाहरणार्थ कर्वेनगर, वारजे, कोथरूड, एवढाच दाखविता येतो.

ग्रामपंचायतीने आपल्या संकेतस्थळावर किंवा पानावर गावातील सुतार, गवंडी, शिंपी, पापड-लोणची करणारे गट, ट्रॅक्टर भाड्याने देणारे, शिकवणी घेणारे यांची सूची ठेवावी. ती चित्रात नव्हे तर साध्या मराठी अक्षरांत असावी, प्रत्येकाची लेखी संमती घेऊन छापावी, आणि ज्याला स्वतःचा क्रमांक द्यायचा नसेल त्याच्यापुढे पंचायत कार्यालयाचा क्रमांक द्यावा. वर्षातून दोन वेळा, ग्रामसभेच्या आधीच्या आठवड्यात, ती तपासावी. बंद पडलेले क्रमांक काढावेत, नवी नावे घालावीत. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना हे काम एका दुपारचे आहे.